बोअरच्या पाण्यानं पांढरी पडलेली बाहेरची काच कशी साफ करायची

लातूरला आमच्या घरी कुलर पश्चिमेच्या खिडकीत बसतो. होळी झाली की बसतो आणि मृगाचा पाऊस पडला की निघतो. या तीन-साडेतीन महिन्यांत त्याचे शिंतोडे शेजारच्या तावदानावर उडत राहतात, उन्हानं दोन मिनिटांत वाळतात, आणि पुन्हा उडतात. काही वर्षांपूर्वी एका जूनमध्ये कुलर काढला तेव्हा त्या काचेतून पलीकडचं कडुलिंबाचं झाड नुसतं हिरव्या धुरासारखं दिसत होतं. काचेवर हात फिरवला तर पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखा लागला. साबण लावला, भांड्याची पावडर लावली, पेपर ओला करून घासला. ओली असेपर्यंत काच स्वच्छ दिसायची आणि वाळली की डाग जागच्या जागी.

त्यानंतर आमच्या, बहिणीच्या आणि शेजारच्या घरच्या मिळून बऱ्याच काचा मी साफ केल्या. त्यात चुकाही झाल्या, त्यातली एक महागात पडली. जे जमलं ते सगळं इथं लिहिते आहे, कारण मराठवाड्यात हा त्रास घरोघरी आहे आणि त्यावर सांगितले जाणारे निम्मे उपाय काचेचं वाटोळं करणारे आहेत. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की डोक्यात ठेवा: हा डाग भिजवून काढायचा असतो. हाताचा जोर सगळ्यात शेवटी, आणि तोही थोडाच लागतो.

हा डाग येतो कुठून

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. त्या आंबटपणामुळे ते खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. आपल्याकडे खाली सगळा काळा बेसाल्ट, त्याच्या भेगांमधून झिरपत पाणी साठलेलं. सहसा पाणी जितकं खोल आणि जितका काळ दगडाच्या संगतीत, तितके त्यात क्षार जास्त. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या काळात आमच्या भागात ज्यानं त्यानं बोअर आणखी खोल नेलं. पाणी लागलं, पण ते असं लागलं की बादलीत साबणाचा फेस होईना आणि चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरू लागला.

हेच पाणी काचेवर पडून वाळलं की पाणी आणि वायू उडून जातात आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं, म्हणजे चुनखडीच. हिशेब करून बघा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की पाण्याची कठीणता, म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी. लिटरला ६०० मिलिग्रॅम धरले तर १०० लिटर पाणी वाळल्यावर ६० ग्रॅम चुना मागे उरतो. उन्हाळाभर कुलर किती पाणी पितो ते तुम्हाला माहीतच आहे. ते सगळं काचेवर येत नाही, पण जितकं येतं तितकं तिथंच राहतं.

आणि कुलरचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही वाईट असतं. टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, आपण वरून नवं पाणी ओततो. आठवडाभरात टाकीतलं पाणी बोअरपेक्षा कितीतरी जड झालेलं असतं. गवताच्या जाळीवर जो पांढरा खडा धरतो, तोच काचेवर पातळ थरात बसतो. ठिबक लावलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ड्रीपरची तोंडं बंद होतात म्हणून तो ॲसिड सोडतो, ते याच क्षारासाठी. पण शेतातलं ते तीव्र ॲसिड काचेसाठी घरात आणू नका. का, ते पुढे येईलच.

आधी डागाची ओळख पटवा

सगळे पांढरे डाग एकाच जातीचे नसतात. इथं पाच मिनिटं घालवली तर पुढचा अर्धा दिवस वाचतो.

काच धुवून, वाळवून घ्या. डागावर पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब ठेवा आणि डोळे जवळ नेऊन बघा. काचेला अंगठ्याच्या नखाएवढा ओला ठिपका होतो, त्याच्या कडेला मोहरीहून बारीक बुडबुडे उठायला लागतात, एकमेकांना चिकटतात आणि फुटतात. असं झालं तर ती चुनखडी आहे, ती निघणारच. पाच मिनिटांनी तो थेंब पुसा. तिथं स्वच्छ गोल खिडकी उघडलेली दिसेल. आमच्या त्या तावदानावर पहिल्यांदा असा गोल दिसला तेव्हा त्यातून कडुलिंबाची पानं वेगवेगळी दिसली होती.

बुडबुडे आलेच नाहीत, नखाला खरखर मात्र लागते, तर त्या थरात जिप्समसारखा सल्फेटचा क्षार किंवा सिलिका असण्याची शक्यता मोठी. बेसाल्टातल्या पाण्यात विरघळलेली सिलिका असतेच. व्हिनेगर सिलिकेला हात लावू शकत नाही. वर्षानुवर्षं साचलेल्या डागात बहुतेक वेळा वर चुनखडी आणि तळाशी असा हट्टी थर, अशी सरमिसळ असते.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. काच नखाला अगदी गुळगुळीत लागते, पण वाळली की धुरकट. याचा अर्थ काचेवर काही बसलेलं नाही, काचच खाल्ली गेली आहे. ओलावा काचेवर फार काळ राहिला की तो काचेतला सोडियम बाहेर ओढतो, तिथलं पाणी अल्कधर्मी होतं आणि मग ते काचेच्या पृष्ठभागालाच कुरतडतं. नव्या बांधकामात हे लवकर होतं. छज्ज्याच्या ताज्या प्लास्टरवरून ओघळलेलं सिमेंटचं पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं, ते काचेवर तसंच वाळू दिलं तर ओघळाच्या आकाराचा डाग कायमचा उमटतो. घर बांधत असाल तर हे एक काम गवंड्याच्या मागे लागून करून घ्या: प्लास्टर चालू असेपर्यंत काचा प्लास्टिकनं झाकायच्या, आणि सिमेंटचं पाणी उडालं तर त्याच दिवशी धुवायचं.

काच कोणती आहे हेही बघा. हल्ली आपल्याकडे नव्या घरांना निळी, हिरवी नाहीतर सोनेरी रिफ्लेक्टिव्ह काच सर्रास बसवतात. तिच्या एका बाजूला धातूचा अतिशय पातळ मुलामा असतो. तो बाहेरच्या बाजूला आहे का, ते पेनाच्या टोकानं कळतं. टोक काचेला टेकवा. प्रतिबिंबातलं टोक आणि खरं टोक एकमेकांना भिडले तर मुलामा त्याच बाजूला आहे. दोघांत काचेच्या जाडीएवढी फट दिसली तर मुलामा पलीकडे आहे. बाहेर मुलामा असेल तर पुढे सांगितलेलं ब्लेड, स्टील वूल, पॉलिश यातलं काहीही तिथं वापरायचं नाही. फक्त भिजवायचं आणि मऊ फडक्यानं पुसायचं. काचेवर फिल्म चिकटवलेली असेल तरी हाच नियम.

काय काय लागेल

पांढरं व्हिनेगर, किराणा दुकानात चायनीजसाठी मिळतं ते. त्यात साधारण ४ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं आणि ते पाणी न मिसळता वापरायचं. रंगीत, फळांचं व्हिनेगर नको. सायट्रिक ॲसिड, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत लिंबूफूल, १०० ग्रॅम पुरे. एक स्प्रेची बाटली, जुन्या सुती साडीचे तुकडे किंवा टिश्यू पेपर, पातळ प्लास्टिकचा कागद, प्लास्टिकचं स्क्रॅपर (जुनं एटीएम कार्डही चालतं), भांड्याची मऊ, न ओरखडणारी घासणी, रबरी वायपर, रबरी हातमोजे आणि चष्मा. डोळ्यावर चष्मा हवाच. खिडकीच्या वरच्या भागावर फवारताना थेंब थेट तोंडावर येतात.

शेवटच्या धुण्यासाठी क्षार नसलेलं पाणी लागतं, आणि इथं बरेच जण फसतात. काच लख्ख केली आणि शेवटी बोअरच्याच पाण्यानं धुतली तर तेच डाग नव्यानं पेरले. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. उघड्यावर बादली ठेवून धरलेलं घ्या, स्लॅबवरून पन्हाळीतून आलेलं नको. घरी एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते बाटलीत साठवून ठेवा. नाहीतर आरओचं पाणी किंवा गावातल्या प्लँटवरचा जार. एका तावदानाला एक-दीड लिटर पुरतं. आरओ मशीन जे पाणी बाहेर टाकतं ते मात्र काचेला कधीही लावू नका. पाणी वाया जाऊ नये म्हणून ते साठवण्याची सवय चांगलीच आहे, मीही साठवते, पण त्यात बोअरच्या पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते ठीक.

आता प्रत्यक्ष काम

वेळ सकाळची निवडा, ऊन त्या भिंतीवर यायच्या आत. एप्रिल-मेच्या उन्हात काच इतकी तापते की फवारलेलं व्हिनेगर काम करायच्या आतच वाळतं, आणि तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकूही शकते. मला विचाराल तर मोठ्या सफाईला श्रावण सगळ्यात चांगला. हवा दमट, काच गार, आणि धुवायला आभाळातून फुकटचं पाणी.

काच सरकत्या खिडकीची असेल तर शटर वर उचलून, खालची कड आत-बाहेर करून रुळातून काढता येतं. दोघांनी मिळून काढा, एकट्यानं नाही. आम्ही अंगणात बाज टाकतो, तिच्यावर जाड गोधडी, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर शटर आडवं. उभ्या काचेवरून पाणी ओघळून जातं, आडव्या काचेवर ते जागेवर बसून काम करतं. वरच्या मजल्यावर तर हाच मार्ग, खिडकीतून बाहेर वाकून घासण्याचं धाडस कुणी करू नका.

काच जागेवरच ठेवून करणार असाल तर आधी खालची बाजू सांभाळा. आपल्या घरांत खिडकीखाली, गॅलरीत, ओट्यावर शहाबादी फरशी नाहीतर कडप्पा. हे दोन्ही दगड चुन्याच्याच जातीचे. जे आम्ल काचेवरचा चुना खातं ते फरशीलाही खातं. कोटा आणि संगमरवर यांचंही तेच. चौकटीच्या खालच्या पट्टीवर जुना टॉवेल गुंडाळून घट्ट बसवा, फरशीवर प्लास्टिक पसरा, आणि फरशी आधीच साध्या पाण्यानं ओली करून ठेवा, म्हणजे एखादा थेंब पडला तरी पातळ होईल.

पहिलं काम धूळ घालवण्याचं. हे वगळू नका. काचेची कठीणता मोहच्या मापात (जितका आकडा मोठा तितका पदार्थ कठीण) साधारण साडेपाच, चुनखडीची तीन. म्हणजे चुनखडी घासल्यानं काचेला ओरखडा पडत नाही. पण आपल्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूची कठीणता सात. कोरड्या फडक्यानं पुसलं की वाळूचे कण काचेवर रेघा ओढतात, आणि त्या रेघा कायमच्या. भरपूर पाणी आणि दोन थेंब भांड्याचं लिक्विड घेऊन, फडकं वरून खाली हलक्या हातानं फिरवा. फडकं दर वेळी बादलीत खळबळून घ्या. इथं बोअरचं पाणी चालेल, आम्ल तर पुढे लागणारच आहे.

मग भिजवणं. थर जाड असेल, नखानं त्याची कड उकरता येत असेल, तर सुरुवात व्हिनेगरनं करा. व्हिनेगरमध्ये विरघळलेला चुना पाण्यात सहज धुऊन जातो. सायट्रिक ॲसिडचं तसं नाही. चुना भरपूर असेल तर त्यातून कॅल्शियम सायट्रेटची पांढरी पूड खाली बसते आणि माणसाला वाटतं की डाग वाढलाच. म्हणून जाड थराला आधी व्हिनेगर, आणि उरलेल्या पातळ थराला सायट्रिक. पातळ डागच असतील तर सरळ सायट्रिकपासून सुरू करा, त्याला वास नसतो आणि ते स्वस्तही पडतं.

सुती तुकडा किंवा टिश्यू व्हिनेगरमध्ये पूर्ण भिजवून, किंचित पिळून, डागावर सपाट चिकटवा. मध्ये हवेचे फुगे राहू देऊ नका, जिथं फुगा तिथं डाग तसाच राहतो. त्यावर प्लास्टिकचा कागद दाबून बसवा, तो ओल्या कापडाला आपोआप चिकटतो. आता वीस मिनिटं दुसरं काम करा. मध्ये एकदा येऊन बघा, कड वाळत असेल तर बाटलीनं फवारा. वाळू द्यायचं नाही, एवढीच राखण.

मी पहिल्यांदा हे करत होते तेव्हा मला धीर निघेना. पाच मिनिटांत कापड काढून घासायला बसले. शेजारी अॅल्युमिनियमचं काम करायला आलेला मुलगा बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "ताई, कशाला एवढं घासायलाव? भिजू द्या की. तुमच्या हातापेक्षा त्याला टाइम पाहिजे." त्यानं दिलेला हा सल्ला मला कुठल्याही महागड्या बाटलीपेक्षा जास्त उपयोगी पडला आहे.

वीस मिनिटांनी कापड काढा आणि काच ओली असतानाच प्लास्टिकच्या स्क्रॅपरनं एकाच दिशेनं ओढा. थर मऊ झालेला असेल तर ओल्या खडूसारखा दाटसर गाळ स्क्रॅपरच्या कडेला जमतो. तो प्रत्येक वेळी पुसून टाका. मग मऊ घासणी लहान लहान गोलात फिरवा, पाण्यानं धुवा, बघा. एका फेरीत सगळं निघालं तर नशीब. वर्षाचा डाग दोन-तीन फेऱ्या मागतो, पाच-सात वर्षांचा पाच-सहाही. प्रत्येक फेरीला नवं व्हिनेगर घ्या. एकदा चुना खाल्लेलं आम्ल थकलेलं असतं, तेच पुन्हा लावून काही होत नाही.

डाग पातळ झाला, नुसती धुक्यासारखी झाक उरली की सायट्रिक. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, ढवळून पूर्ण विरघळवा आणि त्याच पद्धतीनं पंधरा मिनिटं चिकटवा. कोपऱ्यांत, रबराच्या पट्टीलगत टूथब्रश वापरा.

अजूनही ठिपके उरले आणि काच साधी, बिनमुलाम्याची असेल, तर ब्लेडचं स्क्रॅपर. हार्डवेअरच्या दुकानात दांडीसह मिळतं. ब्लेड नवं, काच साबणाच्या पाण्यानं ओलीचिंब, धार काचेशी तिरकी आणि ढकलायचं फक्त पुढे. मागे ओढताना ब्लेडखाली अडकलेला कण रेघ मारतो, म्हणून प्रत्येक वेळी उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवायचं. कोपऱ्यात टफन्डचा, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केल्याचा शिक्का असलेल्या काचेवर मी ब्लेड वापरत नाही. भट्टीतून निघताना तिच्या पृष्ठभागावर काचेचे सूक्ष्म कण चिकटून राहिलेले असू शकतात, ब्लेडनं ते सुटतात आणि रेघा पडतात. तिथं चार शून्यांचं, म्हणजे सगळ्यात बारीक जातीचं स्टील वूल ओल्या काचेवर हलक्या हातानं चालतं, पण आधी कोपऱ्यात करून बघा. भांड्याची तारेची घासणी म्हणजे स्टील वूल नव्हे. ती काचेच्या जवळही नेऊ नका.

शेवटी भरपूर साध्या पाण्यानं आम्ल पूर्ण धुवा, चौकटीच्या रुळातलंही. तिथं साचलेलं आम्ल ॲल्युमिनियमला खातं. मग पावसाचं किंवा आरओचं पाणी वरून खाली ओता आणि वायपरनं ओढा, प्रत्येक ओढीनंतर त्याचं रबर पुसत. कडा सुक्या सुती फडक्यानं टिपा. काच उन्हात नेऊन तिरकी करून बघा, राहिलेला डाग तेव्हाच दिसतो.

एवढं करूनही निघाला नाही तर

व्हिनेगर, सायट्रिक, ब्लेड सगळं झालं आणि धूसरपणा आहेच, तर उरली ती सिलिका, नाहीतर खाल्लेली काच. यावर एकच खरा उपाय आहे, तो म्हणजे सेरियम ऑक्साइडचं पॉलिश. ही फिकट गुलाबी-पांढरट पूड काचेचं काम करणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन मिळते. पाण्यात कालवून ताकासारखी पातळसर करा, फेल्टच्या पॅडवर घ्या आणि तळहाताएवढ्या भागावर दहा-पंधरा मिनिटं गोल फिरवा. ड्रिलला पॅड लावून करता येतं, पण वेग कमी ठेवा आणि काच सतत ओली ठेवा. घर्षणानं एका जागी काच तापली तर तडकते. तळहाताएवढ्या भागात फरक पडला तर पुढे जा. अर्ध्या तासात काहीच फरक नसेल तर थांबा, ती काच खोलवर खाल्ली गेली आहे. एका तावदानावर दोन दिवस घालवण्यापेक्षा काचवाल्याकडून तेवढं तावदान बदलून घेणं मला शहाणपणाचं वाटतं, आणि मी ते एकदा केलंही आहे.

जे करू नये

माझी महागडी चूक इथली. पहिल्या वर्षी डाग निघेना म्हणून मी संडास साफ करायचं ॲसिड फडक्यावर घेऊन काचेवर फिरवलं. डाग निघाला, नाही असं नाही. पण चौकटीचं ॲल्युमिनियम दोन दिवसांत काळं-पांढरं डागाळलं, त्याची चकाकी कायमची गेली. आणि खाली शहाबादी फरशीवर जिथं जिथं ओघळ गेला तिथं फेस येऊन खडबडीत पांढरे माग उमटले. ते आजही आहेत. त्या हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वाफेनं घसा दिवसभर चुरचुरला तो वेगळाच. काचेचा चुना काढायला इतक्या तीव्र आम्लाची गरजच नसते.

बाजारात काचेचे डाग चुटकीसरशी काढणारी द्रावणं मिळतात. लेबल वाचा. हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असं काही लिहिलं असेल तर ती घरात आणू नका. ही रसायनं काचच विरघळवतात, आणि कातडीला लागली तर लगेच आग होत नाही, पण आत खोलवर इजा करतात. लेबलच नसलेल्या सुट्या बाटलीपासून तर लांबच राहा.

कुठलंही आम्ल आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं द्रावण एकत्र आणू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. आधी फरशी ब्लीचनं धुतली असेल तर ते ब्लीच पाण्यानं पूर्ण निघेपर्यंत व्हिनेगर उघडू नका. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा टाकायचा सल्लाही सगळीकडे दिला जातो. फेस छान येतो, पण तो फेस म्हणजे दोघं एकमेकांना संपवत आहेत, डागासाठी काही उरत नाही. सोड्याचा उपयोग वेगळा: आम्ल फरशीवर सांडलंच तर मूठभर सोडा टाकून पाण्यानं धुवा.

राखेचं काय, असं मला माझ्या आत्यानं विचारलं होतं. तिनं आयुष्यभर कंदिलाच्या काचा चुलीच्या राखेनं लख्ख ठेवल्या. ते बरोबरच होतं, कारण कंदिलाच्या काचेवर काजळी असते आणि राख ती उचलते. क्षाराचं मात्र उलट आहे. राख अल्कधर्मी, क्षारही अल्कधर्मी, ती त्याला विरघळवणार कशी? शिवाय राखेत मातीचे खडे असतात. चिंचेचा कोळ तांब्या-पितळेला उत्तम, काचेवर तो चिकट थर सोडतो. लिंबाची फोड छोट्या डागाला चालते, पण धुवायला आळस केला तर त्यावर धूळ बसते.

सोलर आणि गाडी

२०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि आमच्या गल्लीतही छतांवर पॅनेल दिसू लागले. लोक त्यांच्यावर बोअरच्या पाण्याचा पाइप सोडतात, तोही भर दुपारी. पॅनेलच्या काचेवर प्रकाश कमी परावर्तित व्हावा म्हणून बहुधा खास लेप असतो. तिथं व्हिनेगर, सायट्रिक, ब्लेड, स्टील वूल काहीच लावू नका, वॉरंटीवरही पाणी सोडावं लागेल. पहाटे किंवा संध्याकाळी, क्षार नसलेल्या पाण्यानं, मऊ कापडाच्या मॉपनं धुवा आणि लगेच वायपर ओढा. बोअरशिवाय पाणीच नसेल तरी चालेल, पण ते पॅनेलवर वाळू देऊ नका. डाग बसलेच असतील तर बसवणाऱ्याला विचारून त्या कंपनीनं मान्य केलेलंच द्रावण वापरा.

गाडीच्या काचेला हीच भिजवण्याची पद्धत चालते. फक्त रंगावर, रबरावर आम्ल ओघळू नये म्हणून काचेभोवती ओलं कापड लावा. पुढच्या काचेवर सेरियमचं पॉलिश मी करणार नाही. एका जागी जास्त घासलं गेलं तर काचेला बारीक लहर येते आणि रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास होतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

कुलर आणि काच यांच्या मध्ये जाड प्लास्टिकचा पडदा लावला की निम्मा प्रश्न सुटतो. मी खताच्या रिकाम्या गोणीची आतली पिशवी कापून, स्वच्छ धुवून, दोन खिळ्यांवर ताणून लावली आहे. कुलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसा आणि कोरडी करा, उन्हाचा तडाखा असेल तेव्हा दोनदा. डेंग्यूच्या डासासाठी हे करायचंच असतं, क्षारही त्यासोबत जातात. कुंड्यांना पाणी घालताना पाइपचा फवारा काचेपासून दूर ठेवा. छज्ज्यावरून पाणी काचेवर ओघळत असेल तर छज्ज्याच्या खालच्या कडेला गवंड्याकडून पाणकाठ काढून घ्या, म्हणजे पाणी भिंतीला न चिकटता सरळ खाली पडेल.

काच स्वच्छ झाली की गाडीच्या वॅक्सचा अगदी पातळ हात दिला तर पाणी मण्यासारखं होऊन घसरतं. तो काही महिने टिकतो, म्हणून मी एकदा कुलर बसवायच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या सफाईत लावते. रिफ्लेक्टिव्ह मुलाम्यावर लावायचा असेल तर आधी कोपऱ्यात बघा.

आणि वायपर. आमच्या पश्चिमेच्या खिडकीबाहेर चौकटीच्या उजव्या अंगाला एक खिळा आहे, त्यावर हातभर लांबीचा रबरी वायपर कायम टांगलेला असतो. संध्याकाळी कुलरमध्ये पाणी भरताना जो कुणी तिथं जाईल त्यानं काच ओली दिसली तर वायपर वरून खाली दोनदा ओढायचा, रबर फडक्याला पुसायचं आणि वायपर परत खिळ्याला अडकवायचा.